नसलेल्या झाडापासून दोनशे मीटर दक्षिणेला

सान होसेमध्ये भाड्याने घेतलेल्या घराचा पत्ता असा होता: सान पेद्रोच्या जुन्या इगेरोनपासून दोनशे मीटर दक्षिणेला, मग पन्नास मीटर पूर्वेला, काळं फाटक. इगेरोन म्हणजे वडाच्या कुळातलं थोरलं झाड. हे झाड जाऊन कित्येक दशकं झाली. टॅक्सीवाल्याने पत्ता एकदा वाचला, मान डोलावली आणि आम्हाला थेट काळ्या फाटकाशी नेऊन उभं केलं.

कोस्टा रिकाच्या या राजधानीत रस्त्यांना पद्धतशीर आकडे आहेत. मधल्या रस्त्याच्या पूर्वेला विषम 'काये' (उत्तर-दक्षिण रस्ते), पश्चिमेला सम; उत्तरेला विषम 'आवेनिदा' (पूर्व-पश्चिम रस्ते), दक्षिणेला सम. २०१२ साली महापालिकेने पाट्या लावायचं कामही हाती घेतलं. तरी लोक पत्ता सांगतात तो खुणेवरूनच. 'शंभर मीटर' म्हणजे एक ब्लॉक, मग टेप लावल्यावर तो किती का भरेना. बसस्टँडच्या एका अख्ख्या भागाला 'कोका-कोला' म्हणतात, कारण तिथे एके काळी त्या पेयाचा बाटल्या भरायचा कारखाना होता.

आम्ही पाच जण, सगळे ह्यूस्टनचे मराठी. अमेरिकेत घरनंबर आणि झिपकोडची सवय झालेली असली तरी 'मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीला लागून' हे अजून रक्तात आहे, त्यामुळे पहिल्याच दिवशी शहर ओळखीचं वाटायला लागलं. आणि नावांचा विषय निघाला म्हटल्यावर आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचं शहरांच्या नामांतराचं जुनं भांडणही सेंट्रल मार्केटात कॉफी पिता पिता पुन्हा पेटलं. एक मित्र नगरचा. तो आता आवर्जून अहिल्यानगर म्हणतो. अहिल्याबाईंचं चौंडी त्याच जिल्ह्यात, त्यामुळे त्याचा अभिमान मला समजतो. एक मैत्रीण औरंगाबादची. तिला छत्रपती संभाजीनगर म्हणायला हरकत नाही, पण तोंडात येत नाही. उरलेले आम्ही मुंबई-पुण्याकडचे, म्हणजे दुसऱ्यांच्या गावांबद्दल ठाम मतं असलेले.

दुपारी राष्ट्रीय संग्रहालयात गेलो. ही इमारत म्हणजे बेयाविस्ता नावाची लष्करी बराक. १९४८च्या यादवी युद्धानंतर, १ डिसेंबरला, जिंकलेल्या बाजूचे नेते होसे फिगेरेस यांनी हिच्या भिंतीवर घण घालून सैन्य बरखास्त झाल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी ते राज्यघटनेतही आलं. बुरुजांवर गोळ्यांच्या खुणा अजून आहेत, गिलावा करून बुजवलेल्या नाहीत. लोक तिला बेयाविस्ता बराक म्हणतात ते म्हणतातच. डोंबिवलीचा मित्र म्हणाला, "यांनी आतलं सगळं बदललं आणि नाव ठेवलं. आपण नाव बदलतो आणि आतलं सगळं ठेवतो, खड्ड्यांसकट."

या वाक्याला जेवताना पुन्हा एकदा दाद मिळाली. मला मात्र ते अर्धवट वाटतं. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ला. मधल्या सोळा वर्षांत माणसं मारली गेली, दलित वस्त्यांमधली घरं जाळली गेली. त्यांना कोणी 'नावात काय आहे' असं विचारलं असतं तर ते विचारणाऱ्याचं अज्ञान ठरलं असतं. तेव्हा सगळी नामांतरं एकाच मापाने मोजू नयेत. मागणी कोणाकडून आली, किती काळ आली, आणि ती मान्य न झाल्याने कोणाचं काय गेलं, हे मी आधी बघेन. नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बा. पाटील यांचं नाव द्यावं म्हणून २०२१ साली भूमिपुत्र रस्त्यावर उतरले, ते जमीन दिलेल्यांचं म्हणणं होतं. आम्ही सान होसेला ज्या विमानतळावर उतरलो त्याला नाव आहे हुआन सांतामारियाचं. हा कोणी राष्ट्राध्यक्ष नव्हे. तो फौजेतला ढोलकरी पोरगा. विल्यम वॉकर या अमेरिकन लुटारूच्या टोळीविरुद्ध लढताना, १८५६ साली रिवासमध्ये शत्रूच्या ठाण्याला आग लावून मेला. विमानतळ त्याच्याच आलाहुएला गावी आहे. असं नाव कोणाला खुपत नाही.

(राष्ट्रीय नाट्यगृहाच्या छतावर कॉफी आणि केळ्यांचं भव्य चित्र आहे, त्यात केळ्यांचा घड उलटा धरलाय. इटालियन चित्रकाराने केळीची बाग पाहिली नसावी. दूर राहून मतं देणाऱ्या सगळ्यांनी हे छत बघावं.)

आणि आम्ही दूरच राहतो. परदेशातला नामांतराचा समर्थक आणि विरोधक दोघेही फुकटात भांडतात. दुकानाची पाटी, लेटरहेड, दाखल्यातली दुरुस्ती, यातलं काही आम्हाला करावं लागत नाही. विरोधकाची तर आणखी एक सोय असते: त्याला शहर आपण सोडलं त्या तारखेला थांबलेलं हवं असतं. मी अजून 'एल्फिन्स्टन' म्हणतो, स्टेशन २०१८पासून प्रभादेवी आहे; यात तत्त्व कमी आणि गैरहजेरी जास्त आहे. सान होसेच्या पत्त्यांचंही तसंच. गेलेलं झाड ठाऊक असणाऱ्यालाच तो पत्ता समजतो. टॅक्सीवाला नसता तर आम्ही रात्रभर फिरलो असतो. नव्याने आलेल्या माणसाला, मध्यरात्री धावणाऱ्या अॅम्ब्युलन्सला पाटीच लागते.

पण पाटी लावून जुनं नाव मरत नाही, हेही तितकंच खरं. मुंबईच्या कोटाचे दरवाजे १८६०च्या दशकात पाडले, चर्चगेट राहिलं. तलाव बुजला, धोबीतलाव राहिला. गोवालिया टँकच्या मैदानाला ऑगस्ट क्रांती हे नाव मिळालं, ते मिळायलाच हवं होतं, आणि तरी टॅक्सीवाल्याला दोन्ही कळतात.

म्हणून मी रात्री जेवणाच्या टेबलावर एक सूचना मांडली. सरकारने नाव जरूर बदलावं, पण त्याच ठरावात लिहून द्यावं की पुढची वीस वर्षं शाळेचा दाखला, पदवी, खरेदीखत, पासपोर्ट, कुठेही जुनं नाव असलं तरी चालेल, प्रतिज्ञापत्र मागणार नाही आणि खेटे घालायला लावणार नाही. नगरच्या मित्राला हे अजिबात पटलं नाही. "वीस वर्षं जुनंच चालवायचं तर पाटी लावायची कशाला?" औरंगाबादच्या मैत्रिणीलाही पटलं नाही. तिच्या मते वीस फार कमी आहेत, तिच्या आईचं वय बघता तीस तरी हवीत.