नमुना १००, गृहीतक सिद्ध!

सध्या एम.ए.च्या प्रबंधिका तपासायचा हंगाम आहे. बहुतेकींचा साचा ठरलेला. '...: एक चिकित्सक अभ्यास' असं शीर्षक, नमुना १०० (म्हणजे शंभर जणांना विचारलेलं), प्रश्नावली गूगल फॉर्मवर, मग पाय चार्ट आणि शेवटी 'गृहीतक सिद्ध झाले'. गृहीतक आपटलंय अशी प्रबंधिका माझ्या हाती अजून आलेली नाही. इतकं अचूक भाकीत हवामान खात्यालाही जमत नाही.

यात मुलांचा दोष नाही. संशोधन पद्धती एका पेपरात, राजकीय अर्थव्यवस्था दुसऱ्या पेपरात, शिकवणारी माणसं वेगळी. मालकी कुणाची, राबतं कोण, वरकड (श्रमातून उरलेली कमाई) कुणाच्या घरात जातं हे एका तासाला. आणि हे तुला कशावरून कळलं, हे दुसऱ्या तासाला. अशी फाळणी केली की पहिल्याचं भाषण होतं आणि दुसऱ्याची कारकुनी.

ऊसतोडीचंच घ्या. दर वर्षी या विषयावर दोन-चार जण लिहितातच. बीडकडची टोळी मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर निघते. उचल ठरते कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. हिशेब टनावर, पैसा बहुतेक वेळा नवऱ्याच्या हाती. आता आमच्या प्रश्नावलीतले रकाने बघा: कुटुंबप्रमुखाचे नाव, व्यवसाय, मासिक उत्पन्न. मोळ्या बांधणारी, डोक्यावरून त्या गाडीपर्यंत वाहणारी, पहाटे कोपीत (झोपडीत) भाकऱ्या थापून फडावर येणारी बाई कोणत्या रकान्यात बसवायची? नमुना १०० चा १००० केला तरी ती दिसणार नाही. आणि 'मासिक उत्पन्न' म्हणजे तरी काय? पैसे आधीच घेऊन खर्च झालेत, आता ते अंगमेहनतीनं फेडायचे आहेत. फिटले नाहीत तर बाकी अंगावर, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा तोच मुकादम. मधल्या काळात रोजचा किराणा वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून. एवढा सगळा संबंध 'मासिक उत्पन्न' या रकान्यात एका आकड्यावर भागवायचा!

सरकारी आकडेवारीही यातून सुटलेली नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४ व्या फेरीत (२००७-०८) हंगामी स्थलांतरित म्हणजे रोजगारासाठी वर्षभरात एक महिना किंवा जास्त, पण सहा महिन्यांहून कमी काळ बाहेर राहिलेला माणूस. हंगाम लांबला की आमचा कोयता या व्याख्येच्या अगदी काठावर येतो. २०११ ची जनगणना झाली ९ ते २८ फेब्रुवारीत, ऐन तोडणीच्या दिवसांत, टोळ्या गावाबाहेर असताना. व्याख्या आणि तारीख कुणीतरी टेबलावर बसून ठरवतं; कोण मोजलं जाणार ते तिथंच ठरतं. राजकीय अर्थव्यवस्था आणखी कुठे शोधायची?

व्याख्येचा हा वाद आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी झालाय, तोही फार वरच्या पातळीवर. हॅरॉल्ड मॅन पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य. त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची (हो, आज टॉवरांनी भरलंय तेच) घरन् घर पाहणी केली आणि १९१७ मध्ये छापली. १७७१ मध्ये सरासरी ४० एकर असलेली एकेकाची जमीन १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. पाहणी कसदार, आजही वाचावी अशी. पण त्या काळातल्या चर्चेचा सूर एकच: तुकडे लहान, म्हणून शेती तोट्यात, म्हणून तुकडे जोडा. १९१८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी लेख लिहून 'किफायतशीर धारणा' (परवडेल एवढी शेतजमीन) या व्याख्येलाच हात घातला. कुटुंबाचं पोट किती एकरांत भरतं यावरून धारणा किफायतशीर ठरत नाही, त्या एकरावर भांडवल आणि श्रम किती लागतात ते बघा, असं त्यांचं म्हणणं. आणि रोग जमिनीच्या आकारात नाही, शेतीवर पडलेल्या जादा माणसांच्या भारात आहे, उपाय औद्योगिकीकरण. व्याख्या बदलली तर निदान बदललं, औषधही बदललं. हे दोन मजकूर शेजारी ठेवून शिकवले तर एसपीएसएसच्या (आकडेवारीच्या सॉफ्टवेअरच्या) कार्यशाळेचे पैसे वाचतील.

यावर काही मित्र म्हणतील, मग आकडे सोडा, 'अनुभव' घ्या. तेही नको. दोन मुलाखती आणि पन्नास पानं 'वेदना', हाही आता साचाच झालाय. आकडे पाहिजेतच, फक्त रकाने आखण्याआधी व्यवहार समजलेला पाहिजे.

यंदा विषय शोधणाऱ्यांनो, गूगल फॉर्म बाजूला ठेवा. दहाच कोयते घ्या. उचल किती, टन किती भरले, दर काय लागला, मुकादमाचं कमिशन किती, खाडे किती कापले, वाढ्यांचे किती आले, असा एका हंगामाचा पूर्ण हिशेब मांडा. एकदा मुकादमाच्या वहीतून, एकदा नवऱ्याकडून, एकदा बायकोला वेगळं बसवून विचारून. तिन्ही हिशेब जुळायचे नाहीत. कुठे जुळत नाहीत आणि तो फरक कुणाच्या खिशात गेला, यावर तिसरं प्रकरण लिहा.