युरोपियन क्लाउड निवडताना डोकं अजिबात चालवू नका

अमेरिकी क्लाउडचं बिल बघून साहेबांचा रक्तदाब वाढलाय आणि ‘युरोपातलं काहीतरी बघा’ असा हुकूम सुटलाय ना? मग दरपत्रक उघडा, महिन्याचा आकडा एक्सेलमध्ये टाका आणि मीटिंग लावा. मूल्यमापन झालं! आयपीव्ही४ पत्त्याचे (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्याचे) पैसे वेगळे का, बॅकअप वर किती (हेट्झनर या जर्मन कंपनीकडे सर्व्हरच्या दराच्या २० टक्के), भारतातून घेताना रिव्हर्स चार्जखाली (म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरायचा) १८ टक्के जीएसटी कोण भरणार, हे अकाउंट्सवाले बघतील. त्यांना तेवढंच काम असतं.

चाचणीची हौसच असेल तर रविवारी पहाटे दहा मिनिटं करा. त्या वेळी सामायिक व्हीसीपीयूवरचे (वाटून घेतलेल्या प्रोसेसरवरचे) शेजारी ग्राहक झोपलेले असतात. लिनक्सच्या टॉप कमांडमधला ‘स्टील’चा आकडा (शेजाऱ्यांमुळे आपल्याला न मिळालेला प्रोसेसरचा वेळ) आठवडाभर दर पाच मिनिटांनी नोंदवत बसणं हे रिकामटेकड्यांचं काम. डिस्कचंही तसंच. मोठी फाइल कॉपी करून बघा, वेग झकास येईल. डेटाबेस मात्र काही केबींचे छोटे तुकडे लिहितो आणि प्रत्येक कमिटला (व्यवहार पक्का करताना) एफसिंक, म्हणजे डेटा खरोखर डिस्कवर उतरणं, पूर्ण व्हायची वाट बघतो. तिथे सर्व्हरमधली एनव्हीएमई (वेगवान डिस्क) आणि नेटवर्कवरून जोडलेला व्हॉल्यूम (दुसरीकडची डिस्क) यांत कित्येक पट फरक पडतो, आणि तो फियो या डिस्क-चाचणीच्या साधनाने मोजता येतो. पण मोजलं तर कळेल, आणि कळलं तर अहवाल बदलावा लागेल. कशाला?

ॲप मुंबईत ठेवा, डेटाबेस जर्मनीत. तिथे जाऊन परत यायच्या एका फेरीला शंभर मिलिसेकंदांहून जास्त लागतात खरे, पण एका पानासाठी डेटाबेसला एकामागून एक वीसच तर क्वेऱ्या (विचारणा) आहेत. दोन सेकंद थांबेल की ग्राहक.

बॅकअप त्याच आवारात ठेवा, पटकन होतो. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच या फ्रेंच क्लाउड कंपनीचं एसबीजी२ हे पाच मजली डेटा सेंटर जळून खाक झालं. ज्यांची बॅकअपची प्रतही तिथेच होती, त्यांचं मूळ आणि प्रत एकाच रात्री गेलं. निदान दोन्हींत तफावत तरी राहिली नाही. बॅकअपमधून डेटा परत आणून (रिस्टोअर करून) बघणं म्हणजे तर बॅकअपवर अविश्वास दाखवणं. एसएलए, म्हणजे सेवा चालू राहण्याचा करार, आहे ना ९९.९ टक्क्यांचा? म्हणजे महिन्याला ४३ मिनिटं बंद राहायची अधिकृत मुभा. त्याहून जास्त बंद राहिलं तर भरपाई मिळते, बहुधा पुढच्या बिलात सूट म्हणून. बुडालेल्या धंद्याची नव्हे.

डेटाच्या सार्वभौमत्वाची, म्हणजे त्यावर कोणत्या देशाचा कायदा चालतो याची, काळजी करू नका. क्लाउडच्या प्रदेशाच्या (सर्व्हर जिथे असतात त्या ‘रीजन’च्या) नावात फ्रँकफर्ट आलं की झालं युरोपियन. अमेरिकी सरकारला कंपन्यांकडून डेटा मागवू देणारा अमेरिकेचा २०१८ चा क्लाउड ॲक्ट सर्व्हर कुठे आहे हे बघत नाही, कंपनी अमेरिकी अधिकारक्षेत्रात येते का ते बघतो. पण इतकं खोलात कोण जातंय? सर्व्हर खरोखरच फ्रेंच कंपनीचा घेतलात तर लॉग (नोंदी), सीडीएन (पानं जगभर जवळून पोचवणारी सेवा) आणि लॉगिन अमेरिकी कंपनीकडेच राहू द्या, समतोल राहतो.

आणि हो, नव्या खात्यावर बऱ्याच ठिकाणी २५ नंबरचा पोर्ट (सर्व्हरवरून ईमेल बाहेर पाठवायची वाट) बंद असतो. हेट्झनर क्लाउडवर तो उघडून मागायचा तर आधी महिना जावा लागतो आणि पहिलं बिल भरावं लागतं. म्हणून ईमेलची चाचणी उद्घाटनानंतरच करा, शक्यतो शुक्रवारी संध्याकाळी, नोंदणी करणारे ओटीपीची वाट बघत असताना.