पक्षाघाताबद्दल लिहिलं ते का, आणि त्यात काय राहून गेलं

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमच्या वडिलांची बायपास पुढच्या आठवड्यात ठरली आहे आणि बायपासनंतरच्या पक्षाघाताबद्दलचा माझा लेख वाचल्यापासून आई ‘ऑपरेशन नको, स्टेंटच टाका’ म्हणून अडून बसल्यात. असलं लिहून लोकांना घाबरवू नका, असं तुम्ही म्हणता.

एक चूक माझी आहे. बायपासमध्ये पक्षाघाताचा धोका स्टेंटपेक्षा जास्त, एवढंच लिहून मी थांबलो. वडिलांना मधुमेह आहे, तीन धमन्या अडल्यात, म्हणून पुढचंही सांगतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रीडम’ अभ्यासात असेच, मधुमेह आणि एकाहून जास्त धमन्यांत अडथळे असलेले १९०० रुग्ण होते. पाच वर्षांत पक्षाघात झाला तो बायपासवाल्यांपैकी ५.२ टक्क्यांना, स्टेंटवाल्यांपैकी २.४ टक्क्यांना. मृत्यू मात्र बायपासनंतर १०.९ टक्के आणि स्टेंटनंतर १६.३ टक्के. आईंना चारही आकडे सांगा, आणि सर्जनसमोर बसवून सांगा.

पण पक्षाघाताचा विषयच काढू नये, हे मला पटत नाही. महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, भिंतीवर बऱ्याचदा चुना साठलेला असतो. बायपासमध्ये तिला चिमटा लावताना त्याचा कण सुटून मेंदूत जाऊ शकतो. स्टेंट टाकायच्या (अँजिओप्लास्टीच्या) नळीनेही तसं होतं, पण कमी वेळा. शिवाय बायपासनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बऱ्याच जणांचे ठोके अनियमित होतात आणि हृदयात गुठळी धरू शकते, तीही मेंदूत जाऊ शकते.

माझ्या वडिलांच्या हातून बायपासनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप निसटला. बोलणंही जड येत होतं. अशक्तपणा असेल, असं आम्ही धरलं. वॉर्डातही कुणी लक्ष दिलं नाही. पक्षाघात आहे हे संध्याकाळी राउंडला कळलं. नुकती छाती उघडलेल्या माणसाला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा देता येत नाही. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर नळी घालून गुठळी ओढून काढता येते, पण तिथे मिनिटं मोजावी लागतात. आमचा अख्खा दिवस गेला. आज त्यांना शर्टाची बटणं डाव्या हाताने लावता येत नाहीत.

म्हणून मेंदूकडे जाणाऱ्या मानेच्या धमन्यांची डॉपलर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) झाली आहे का, ते आधी विचारा. ऑपरेशननंतर भेटायला गेलात की वडिलांना हसायला सांगा, दोन्ही हात उचलायला सांगा, नाव विचारा. तोंड वाकडं दिसलं, एक हात खाली आला किंवा शब्द अडखळले, तर राउंडची वाट न बघता तिथल्या तिथे डॉक्टरांना बोलवायला लावा.

राहून गेलेले आकडे मूळ लेखात आजच घालतो आहे.