कुलूप कडक म्हणून कॉम्प्युटर सुरक्षित होत नाही

सोलापुरातल्या यंत्रमाग कारखानदारांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय: "सॉफ्टवेअरचं कुलूप जेवढं कडक, तेवढा कॉम्प्युटर सुरक्षित. त्रास होतो तो फक्त चोरून वापरणाऱ्याला. चोरांचे अपडेट बंद केले की ते सुधारतात." कुलूप म्हणजे कॉपी रोखणारी सोय, आणि क्रॅक म्हणजे ते कुलूप तोडलेलं चोरीचं सॉफ्टवेअर. क्रॅकमधून व्हायरस येतात हे शंभर टक्के खरं, क्रॅक वापरूच नका. पण मेसेजमधले हे दावे टिकत नाहीत.

"कुलूप कडक, कॉम्प्युटर सुरक्षित." २००५ साली सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडीतून कॉपी रोखणारा प्रोग्रॅम विंडोजमध्ये लपून बसायचा. ठरावीक अक्षरांनी सुरू होणारी कुठलीही फाइल तो दडवायचा. व्हायरसवाल्यांनी आपल्या फाइलना तीच अक्षरं लावली, म्हणजे त्याही दडल्या. फटका बसला तो पैसे मोजून सीडी घेणाऱ्यांना.

आता आपल्या डोंगलकडे, म्हणजे यूएसबीत लावायच्या सॉफ्टवेअरच्या किल्लीकडे या. चादरी-टॉवेलच्या जकार्ड डिझाइनची बरीच सॉफ्टवेअर्स डोंगल लावल्याशिवाय उघडत नाहीत. जगभर चालणाऱ्या सेंटिनेल डोंगलच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना १४ त्रुटी सापडल्या. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी त्या जाहीर केल्या. डोंगल लावला की ड्रायव्हर (तो चालवणारा प्रोग्रॅम) यायचा आणि फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरच्यांना अडवणाऱ्या भिंतीत, १९४७ नंबरचा पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून आत यायचं दार उघडायचा. डोंगल काढून खिशात टाकला तरी पोर्ट उघडाच! डोंगलच्या कंपनीने दुरुस्ती दिली, पण जुना ड्रायव्हर बदलल्याशिवाय तिचा उपयोग नाही. तुमच्या डोंगलवर हे नाव असेल तर आजच विक्रेत्याकडून नवा ड्रायव्हर घ्या.

"त्रास फक्त चोराला." यूएसबीत सुताची धूळ बसते, डोंगल जरा हलला की डिझाइन अर्ध्यात बंद. डोंगल मेला तर नवा येईपर्यंत मास्तर बसून आणि ऑर्डर अडकलेली. क्रॅकवाल्याला डोंगलच लागत नाही. ऑगस्ट २००७ मध्ये तर मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरच्या चुकीने हजारो अस्सल विंडोज बनावट ठरल्या होत्या.

"चोरांचे अपडेट बंद करा." २००५ मध्ये विंडोजच्या अस्सलपणाची तपासणी सक्तीची करताना खुद्द मायक्रोसॉफ्टने सुरक्षेचे अपडेट त्यातून वगळले, कारण अपडेट नसलेलं मशीन शेजारच्या मशीनलाही धोक्यात घालतं.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला त्याच्या कष्टाचे पैसे मिळालेच पाहिजेत. पण आपण पैसे मोजतो, तर सौदा करतानाच दोन गोष्टी लेखी घ्या: डोंगल बिघडला तर त्याच दिवशी तात्पुरतं लायसन्स, आणि ड्रायव्हरचे अपडेट किती वर्षं मिळणार.