जुन्या व्हॅनचे इंजिन काढून तिला शोभेची वस्तू करू नका

आज दोन काचांची, म्हणजे पुढची काच दोन भागांत असलेली, 1967 पूर्वीची एक फोक्सवॅगन व्हॅन पाहिली आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. इंजिन काढलेले, छप्पर कापलेले, चाके सिमेंटमध्ये घट्ट बसवलेली आणि पुढे उभे राहून लोक हौसेने फोटो काढत होते.

आयुष्यभरात माझ्याकडे एकामागून एक जुन्या व्हॅन आल्या: आधी दोन काचांची, मग अखंड काचेची बे विंडो आणि आता 1979 नंतरची चौकोनी. त्यातल्या बे विंडोने एका रात्री चढणीवर आम्हाला थांबवले. बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोचा लाल दिवा लागला, कारण तो फिरवणारा पट्टा तुटला होता. त्या एअर-कूल्ड, म्हणजे पाण्याऐवजी हवेने थंड होणाऱ्या, इंजिनात तोच पट्टा इंजिन थंड ठेवणारा पंखाही फिरवतो, त्यामुळे पुढे रेटण्याचा प्रश्नच नव्हता. शाळकरी मुलीने टॉर्च धरला, मी पुलीच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर अडकवून नट सोडवला, नवा पट्टा चढवला आणि अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण 15 मिलिमीटर दबेल इतका ताण येईपर्यंत पुलीमधल्या चकत्या कमीजास्त करत राहिलो. चालत्या गाडीशी जडणारे हे नाते सिमेंटमध्ये रोवलेल्या सांगाड्याशी कसे जडणार?

या गाड्या धूर सोडतात आणि धडक बसली तर चालकाच्या गुडघ्यांपुढे पत्र्याखेरीज फारसे काही नसते, हे मान्य. या व्हॅनचे ब्राझीलमधले उत्पादन 2013 मध्ये थांबले तेही एअरबॅग आणि एबीएसच्या (जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सक्तीमुळेच. पण म्हणून त्यांचे हातपाय तोडायचे? कोणी आत विजेची मोटर बसवली तर मला वाईट वाटेल, तरी निदान ती व्हॅन रस्त्यावर तरी राहील.

टॉर्च धरणारी ती मुलगी आज त्याच बे विंडोची मालकीण आहे आणि इंजिन थंड असताना 0.15 मिलिमीटरचे फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या झडपांजवळची फट, स्वतः सेट करते. हे लिहिताना राग थोडा निवळला.

ज्यांच्या दारात अशी व्हॅन पडून आहे त्यांना कळकळीची विनंती आहे, की ती विकायचीच असेल तर गिऱ्हाइकाला किमतीआधी विचारा, ती चालवणार आहात ना? माझी दोन काचांची व्हॅन सजावटीसाठी मागणाऱ्याने जास्त पैसे देऊ केले होते. मी ती कमी पैशांत चालवणाऱ्याला दिली आणि आजही तसेच करेन.