झाकली मूठ

गेल्या मे महिन्यात एका लोहाराकडून ट्रकच्या जुन्या स्प्रिंगपाट्याची सुरी घडवून, पाणी देऊन आणली. अवघड काम झालं, आता नुसती मूठच तर बसवायची, असं म्हणत मी जळगावच्या ४५ अंशांत गच्चीवर बसलो. ती मूठ काल, चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी पुरी झाली.

मुठीत असतं काय? पात्यालगत दोन्ही अंगांना पितळेचा एकेक तुकडा, म्हणजे बोलस्टर. त्यामागे शिसवीच्या दोन पट्ट्या. या सगळ्यांतून आरपार पितळी रिव्हेट. पितळ आणि लाकूड भेटतात तिथे केसाएवढी फट दिसता कामा नये, बस.

माझ्या फटीतून पोस्टकार्ड गेलं असतं.

कानस हातात घेऊन पट्टीचं टोक घासायला लागलो. हात डुलतो, त्यामुळे कडा जास्त झिजतात आणि मधे पोट सुटतं. (पोट सुटण्यात मला कुणी काही शिकवू नये.) उजेडासमोर धरलं की मधे टेकलंय आणि दोन्ही कडांनी ऊन आत येतंय. पुन्हा घासलं. पोट तसंच, पट्टी मात्र सूतभर आखूड. चार दिवसांत मागून सुरीची शेपटी, म्हणजे दोन पट्ट्यांमधे दडणारं पोलाद, उघडी पडली आणि मी नवीन शिसव आणायला निघालो.

गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्तरींनी विचारलं, "घरात काच आहे का, भाऊ? तिच्यावर पॉलिशपेपर पसरा अन् पट्टी गुण्याला, त्या काटकोनी पट्टीला, टेकवून घासा. कागदाला हलू देऊ नका." टीपॉयची काच उचलली. बायको काही बोलली नाही, हेच भीतीदायक होतं. पण सांधा असा जुळला की उजेडाला जागाच उरली नाही!

त्या आनंदात चिकटवताना दोन गाढवपणे केले. शिकंजा इतका आवळला की अ‍ॅराल्डाइट सगळं बाहेर आलं आणि आत चिकटायला काही राहिलं नाही. शिवाय बोलस्टरची पात्याकडची कड आधी चकचकीत करून घ्यायची असते, ती राहिली. जोडल्यावर तिथे कागद फिरवला की पात्यावर ओरखडा पक्का. सगळं उखडून पुन्हा केलं.

आता पितळ आणि लाकूड एका पातळीत. बोट फिरवलं तर सांधा कळेना. श्रावण लागला, लाकडाने दमट हवा प्यायली, फुगलं आणि पितळेच्या वर आलं. घासून सपाट केलं. थंडी पडली, लाकूड आक्रसलं, आता पितळ वर. म्हणजे ही मूठ नव्हे, पंचांग आहे. शेवटी उलटं पितळ घासलं, तेल पाजलं आणि म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

चंपाषष्ठीला सकाळी वांगी काड्यांवर भाजायला टाकली होती. मी सुरी आजीच्या हातात दिली. पितळ कुठे संपतं ते तिच्या अंगठ्याला कळतंय का, याकडे श्वास रोखून पाहत राहिलो.

"मूठ भारी शे रे," ती म्हणाली.

मग तिने सुरी उलटी धरली, मुठीने लसणाच्या पाकळ्या ठेचल्या आणि मिरच्या चिरायला विळी ओढली.