पोषणशास्त्राची पदवी आणि कोकणातल्या नोकऱ्या : एका पालकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

पोषणशास्त्राच्या पदवीवरील माझ्या लेखावर आपण परखड आणि सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. चिपळूणच्या पालकाने मुलीला या पदवीसाठी मुंबईला ठेवणे म्हणजे फी आणि वसतिगृहाचा खर्च पाण्यात घालणे, असे आपले म्हणणे आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आहारतज्ज्ञांना नोकऱ्या नाहीत, आणि सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केलेली मंडळी तेच काम समाजमाध्यमांवर बिनदिक्कत करतात. त्यापेक्षा नर्सिंग बरे, असेही आपण लिहिले आहे.

सहा आठवड्यांच्या कोर्सचा मुद्दा मी आधी घेते, कारण पदवीची गरज आहे की नाही हे तिथेच ठरते. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाताना शहाळे नेण्याची रीत आहे. मूत्रपिंड निकामी झालेल्या, डायालिसिसवर असलेल्या रुग्णाच्या उशाशीही नातेवाईक प्रेमाने शहाळे आणून ठेवतात. शहाळ्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात साधारण २५० मिलीग्रॅम पोटॅशियम असते. ते बाहेर टाकण्याची ताकद त्या मूत्रपिंडात उरलेली नसते, आणि रक्तातले पोटॅशियम वाढले की हृदयाचे ठोके बिघडून जिवावर बेतू शकते. रक्तदाबासाठी म्हणून घरात आणलेल्या कमी सोडियमच्या मिठातही बहुधा पोटॅशियमच असते. पुन्हा याच रुग्णाला डायालिसिस सुरू होण्यापूर्वी प्रथिने बेताने खायला सांगितलेले असते, तर डायालिसिस सुरू झाल्यावर ती वाढवावी लागतात, कारण त्या प्रक्रियेत काही प्रथिने शरीराबाहेर जातात. मग कोणती मासळी किती द्यायची, सुकट आणि सुके बोंबील मिठामुळे का टाळायचे, भाजी उकडून तिचे पाणी का ओतून द्यायचे, हे सारे त्या माणसाचा रक्ताचा रिपोर्ट समोर ठेवून ठरवावे लागते. ‘नैसर्गिक आहे, म्हणजे चांगलेच’ एवढ्या भांडवलावर हे काम होत नाही. त्यासाठी शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र मुळापासून शिकावे लागते, आणि सहा आठवड्यांत ते कोणालाही शिकवता येणार नाही.

मात्र नुसत्या तीन वर्षांच्या बी.एस्सी.वरही रुग्णालयातील आहारतज्ज्ञ होता येते, असे मी कोणालाही सांगणार नाही. त्यानंतर एम.एस्सी. किंवा आहारशास्त्रातील पदव्युत्तर पदविका, मग रुग्णालयात सहा महिन्यांचे प्रशिक्षण, आणि शेवटी १९६३ साली स्थापन झालेल्या इंडियन डायटेटिक असोसिएशनची ‘रजिस्टर्ड डायटिशियन’ ही परीक्षा, अशी ही वाट आहे. म्हणजे हिशेब पाच-सहा वर्षांचा मांडायला हवा. तेवढा खर्च झेपणारा नसेल, तर चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग हा अधिक सुरक्षित मार्ग आहे, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. पैशांअभावी मधेच थांबलेल्या मुली मी पाहिल्या आहेत आणि त्यांची तगमग मला फार लागते.

कायद्याची बाजूही आता बदलली आहे. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ यांचा समावेश झाला, आणि २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने या कायद्याखालील विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवण्यास मनाई केली. त्यात अन्न व पोषणशास्त्रही येते. त्यामुळे ‘घरी बसून पदवी’ अशी जाहिरात दिसली, तर तिच्या वाटेला जाऊ नये.

नोकऱ्यांविषयी आपण लिहिलेत ते रुग्णालयांपुरते बरेचसे खरे आहे. जागा थोड्या आहेत, त्यातल्या अनेक कंत्राटी आहेत आणि पगार बेताचे आहेत. तरीही गेल्या काही वर्षांत अलिबाग, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, आणि डायालिसिसची सोय तालुक्याच्या गावांपर्यंत येऊ लागली आहे. रुग्ण इथेच उपचार घेऊ लागले, तर त्यांच्या आहाराची जबाबदारीही इथेच कोणीतरी घ्यावी लागेल. शिवाय रुग्णालयाबाहेरही काम आहे. १९७५ पासून चालू असलेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत, म्हणजे अंगणवाड्यांच्या योजनेत, अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविका आणि बालविकास प्रकल्प अधिकारी ही पदे स्पर्धा परीक्षांतून भरली जातात, आणि अंगणवाडीत येणारे मूल अशक्त का आहे हे कळायला पोषणशास्त्राचाच पाया लागतो. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असते, तर तांदळात त्याचा जेमतेम अंश. आपल्या डोंगरउतारावरची नाचणी ताटातून हद्दपार होत असताना ही गोष्ट घरोघरी समजावणारे माणूस त्याच मातीतले असेल, तर लोक त्याचे ऐकतात.

आंब्याचा पल्प, कोकम, काजू यांच्या कारखान्यांचा उल्लेख आपण केला आहे. ती वाट पोषणशास्त्राची नसून अन्नतंत्रज्ञानाची आहे. तो चार वर्षांचा बी.टेक. अभ्यासक्रम दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कक्षेत कोकणातच उपलब्ध आहे आणि प्रवेश सीईटीच्या गुणांवर मिळतो. मुलीला माणसांपेक्षा प्रक्रिया आणि यंत्रे यांत रस असेल, तर तिकडेच पाठवा.

मुंबईत निर्मला निकेतन किंवा एसएनडीटी विद्यापीठाचे जुहू येथील गृहविज्ञान महाविद्यालय पाहायला जाल, तेव्हा फीच्या आधी दोन गोष्टी विचारा : हा अभ्यासक्रम २०२१ च्या कायद्याने आलेल्या नव्या आयोगाच्या नियमांत बसतो का, आणि विद्यार्थिनी प्रशिक्षणासाठी नेमक्या कोणत्या रुग्णालयात जातात. दुसऱ्या प्रश्नाला रुग्णालयाचे नाव मिळाले नाही, तर महाविद्यालय कितीही नामांकित असले तरी तिथे प्रवेश घेऊ नये. आपल्या मुलीने बारावीला जीवशास्त्र घेतले आहे का, आणि रुग्णांशी रोज बोलण्याची तिची तयारी आहे का, हे तिच्याच शब्दांत कळवलेत, तर पुढचे मी तिलाच उद्देशून लिहीन.